दोन चाकांवरून कोयनाकाठ

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी गेला आणि भाऊबीजेची मंडळी आपापल्या गावी परतली, म्हणजे आमच्या घरी एका वादास दरवर्षी तोंड फुटते. थंडीत दोन-चार दिवस बाहेर जावयाचे, ते कोठे? यंदा या वादात एक नवाच पक्ष उभा राहिला. वहिनींची नात सुटीस घरी आली होती. रात्रीची जेवणे चालली असता तिने सांगून टाकले, की या खेपेस मोटार नको. आपण सायकलींवरून कास ओलांडून बामणोलीस जाऊ, एक रात्र कोयनेच्या काठी राहू आणि दुसर्‍या दिवशी परत येऊ.

पंक्तीत क्षणभर कोणी बोलेना. मग दादांनी विचारले, "आणि यवतेश्वरचा घाट चढणार कोण?" पोरीने वाटीतला भात कालवता कालवता आमच्याकडे बोट दाखविले.

आम्हांस साठी उलटून सहा वर्षे झाली. शाळेत, महाविद्यालयात आणि पुढे नोकरीच्या पहिल्या वर्षांत आम्ही सायकलीवरच होतो. परंतु तो सारा सपाटीवरचा पराक्रम. आमच्या मंडळींनी लागलीच आमच्या गुडघ्यांचा विषय काढला. दादांनी रस्त्यावरील मोटारींचा काढला. दोन्ही हरकती वाजवी होत्या, म्हणून त्यांचा विचारही वाजवी रीतीने झाला. शेवटी असे ठरले, की पोर, तिचे वडील म्हणजे आमचे पुतणे, आमच्या सूनबाई आणि आम्ही अशा चौघांनी जावे. रविवार टाळून बुधवारी निघावे. आणि घाटात ज्याला दम लागेल त्याने मुकाट्याने उतरून सायकल हाती धरून चालावे, त्यावर कोणी विनोद करू नये. हे शेवटचे कलम आमच्या आग्रहावरून घातले गेले, हे चतुर वाचकांच्या ध्यानी आलेच असेल.

सायकल हे वाहन आपल्या घरांत कसे आले, हे आता तरुण मंडळींस सांगावे लागते. आज आपण जिला सायकल म्हणतो, ती दोन सारख्या चाकांची, साखळीने चालणारी सायकल इंग्लंडात १८८५ च्या सुमारास प्रचारात आली, आणि हवा भरलेल्या रबरी धावेचा शोध डनलॉपने १८८८ साली लावला. गंमत अशी, की त्याच १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी आपल्या बंधूंसह बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे याच घराण्याने लोखंडी नांगर केले आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे. महाराष्ट्रातील एवढ्या मोठ्या कारखानदारीचे मूळ सायकलीच्या दुकानात सापडावे, ही गोष्ट आम्हांस नेहमीच मोठी बोधप्रद वाटत आली आहे. मुंबईहून १९२३ साली सायकलींवर निघालेल्या पारशी तरुणांपैकी तिघे १९२८ साली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. स्त्रियांनी सायकल चालवावी की नाही, हा वाद आमच्या आजोबांच्या पिढीने पुष्कळ घातला, आणि त्यांच्या मुली-नातींनी सायकली चालवून तो मिटविला. मग स्कूटरी आल्या, मोटारी आल्या, आणि घराघरांतील सायकली जिन्याखाली जाऊन गंजल्या. आता त्या गिअर लावून पुन्हा वर आल्या आहेत; आमच्या घरी तरी आल्या.

निघावयाच्या आदल्या रात्री आम्ही ट्यूब, पंप आणि पंक्चर काढण्याचे साहित्य पिशवीत भरीत बसलो होतो. वहिनी जवळ येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे वय चौर्‍याहत्तर. या सार्‍या चर्चेत त्यांनी एक अक्षर काढले नव्हते. त्या म्हणाल्या, "भावोजी, बामणोलीला जाताच आहात, तर माझ्या आजोळचं काही दिसतं का बघा." एवढे बोलून त्या आत गेल्या.

वहिनींचे आजोळ कोयनेच्या खोर्‍यात होते, हे आम्हांस ठाऊक होते. ते पाण्याखाली गेले, हेही ठाऊक होते. परंतु पंचेचाळीस वर्षे एका घरात राहून आम्ही त्यांस त्याविषयी एकही प्रश्न विचारला नव्हता, हे त्या रात्री प्रथमच ध्यानी आले.

बुधवारी पहाटे साडेपाचास निघालो. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंच, कासचे पठार सुमारे बाराशे. म्हणजे पंचवीस किलोमीटरांच्या वाटेत पाचशे मीटर चढावयाचे, आणि त्यांतील बराचसा चढ प्रारंभीच, यवतेश्वरच्या घाटात. घाट चढण्याची युक्ती आमच्या पुतण्यांनी सांगितली ती अशी : आरंभापासूनच हलका गिअर घ्यावा, बोलता येईल इतक्याच वेगाने जावे, आणि बोलणे तुटू लागले की थांबावे. या नियमाने आम्ही तीन वेळा थांबलो आणि एकदा उतरलो. सूनबाई मात्र एकदाही उतरल्या नाहीत. त्या वरच्या वळणावर थांबून आमची वाट पाहत, आणि आम्ही जवळ आलो म्हणजे अजिंक्यतार्‍याकडे पाहण्यासाठीच थांबल्याचे दाखवीत. सासर्‍याचा मान राखण्याचा हा प्रकार आम्हांस फार आवडला.

घाट संपला म्हणजे रस्ता डोंगराच्या माथ्यावरून पश्चिमेस जातो, आणि येथे सायकलीचे खरे सुख कळते. उजव्या हातास वेण्णेचे खोरे व कण्हेर धरणाचे पाणी. डाव्या हातास उरमोडीचे खोरे, तिच्या धरणाचा जलाशय आणि पलीकडे सज्जनगड. मोटारीतून ही दोन पाणी आम्ही पन्नास वेळा पाहिली असतील; परंतु मोटारीत एका वेळी एकच बाजू दिसते आणि तीही काचेतून. सायकलीवर दोन्ही बाजूंचा वारा लागतो. पेट्रीच्या पुढे सूर्य वर आला, तेव्हा उरमोडीच्या पाण्यावरील धुके विरत होते आणि वाटेवर आमच्या साखळ्यांच्या आवाजाखेरीज दुसरा आवाज नव्हता. कोठेतरी झाडीत शीळकरी कस्तूर बोलला. त्याची शीळ माणसाच्या शिळेसारखी असते, म्हणून पोरीस वाटले, की आपल्यामागून कोणी गुराखी येत आहे.

कासचे पठार प्रसिद्ध आहे ते सप्टेंबर-ऑक्टोबरातील फुलांसाठी. तेरडा, सीतेची आसवे, गेंद यांचे गालिचे त्या दिवसांत कातळावर पसरतात, आणि सात वर्षांनी एकदा टोपली कारवी फुलते. २०१२ साली पश्चिम घाटातील ज्या स्थळांस युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत कास, कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान ही तिन्ही आहेत. फुलांच्या दिवसांत, विशेषतः सुटीच्या दिवशी, येथे मोटारींची एवढी दाटी होते, की निवांतपणा शोधणार्‍याने तेव्हा या वाटेस फिरकू नये. आम्ही गेलो तेव्हा गवत सोनेरी झाले होते, फुले नव्हती, माणसेही नव्हती. तलावाच्या बांधावर बसून आम्ही थालीपीठ खाल्ले. सातारकरांच्या नळाला हेच पाणी येते. आम्ही जन्मभर ज्या पाण्यावर वाढलो, ते जेथून येते तेथे घाम गाळून पोहोचल्यावर ओंजळभर पाण्याची किंमत निराळी कळते.

कासनंतर खरी निवांत वाट सुरू होते. रस्ता जंगलातून उतरत उतरत बामणोलीस पाण्याला लागतो. जांभूळ, हिरडा, अंजनी यांची दाट झाडी, आणि सुमारे दहा-बारा किलोमीटर उतार. नवशिक्यांस येथे एक सूचना द्यावीशी वाटते. चढ माणसाची परीक्षा घेतो, पण अपघात उतारावर होतात. ब्रेक सतत दाबून धरू नये. तो तापतो आणि ऐन वळणावर दगा देतो. मागचा व पुढचा असे आळीपाळीने दाबावे, वळणाआधी वेग कमी करावा, वळणात नव्हे. झाडीतून गवा रस्त्यावर येण्याचा संभव असतो. तो दिसला तर दूर थांबून त्यास जाऊ द्यावे. फोटोसाठी पुढे सरकू नये. वन्य प्राण्यांत वाटसरूने सर्वांत अधिक जपावे ते गव्यास. अंधार पडल्यावर तर या वाटेवर सायकल घालूच नये.

एका वळणावर झाडी बाजूस झाली आणि खाली शिवसागर दिसला. पोर मोठ्याने ओरडली, आणि मग आपणच लाजून गप्प झाली. इतकी तेथे शांतता होती. हिरव्या डोंगरांच्या मधोमध निळे पाणी, त्याच्या पलीकडे वासोट्याचे रान. एकही भोंगा नाही, एकही धुराडे नाही. आम्ही पुष्कळ वेळ उभे राहिलो. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, इतकी शांत जागा मी पाहिलीच नव्हती." आम्हीही तेच म्हणणार होतो. पण आदल्या रात्रीचे वहिनींचे वाक्य आठवले आणि आमचे शब्द तोंडातच राहिले.

ही शांतता मूळची नव्हे. कोयना धरण १९६४ साली पुरे झाले. त्यामागे सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचा जलाशय भरला. त्यात सुमारे १०५ अब्ज घनफूट पाणी मावते. हे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून कोकणच्या बाजूस पोफळीकडे सोडून त्यावर वीज केली जाते. सर्व टप्पे मिळून या प्रकल्पाची शक्ती १९६० मेगावॉट आहे, आणि महाराष्ट्राचे कारखाने, आगगाड्या व घरे यांवर या प्रकल्पाचे ऋण मोठे आहे. हे आम्ही लहानपणापासून अभिमानाने ऐकत आलो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंपही आम्हांस आठवतो. आम्ही आठ वर्षांचे होतो. आजोबांनी सार्‍या घरास अंगणात काढले, आणि दिवस उजाडेपर्यंत कोणी आत गेले नाही. कोयनानगरच्या आसपास त्या दिवशी पुष्कळ माणसे दगावली. धरण म्हणजे वीज आणि धरण म्हणजे भूकंप, ही दोन्ही रूपे आमच्या पिढीस पाठ आहेत. तिसरे रूप मात्र आम्ही पाहिले नव्हते. त्या निळ्या पाण्याखाली देवळे होती, भातखाचरे होती, आडांवरची बोलणी होती, आठवड्याचे बाजार होते.

बामणोलीच्या धक्क्यावर आम्ही सायकली उभ्या करून एक नाव ठरविली. नावाड्याचे वय पन्नाशीचे असावे. वहिनींच्या आजोळच्या गावाचे नाव सांगताच त्याने वल्ह्यासारखा हात पसरून पाण्याच्या मध्यावर बोट रोखले. तेथे पाण्यावर उन्हाचे तुकडे हलत होते, एवढेच.

"आत्ता काय दिसायचं न्हाई, काका," तो म्हणाला. "पानी भरल्यालं हाय. मे म्हयन्यात लई उतारलं तर जोत्यांचं दगड उघडं पडत्यात. माझा आजा त्याच गावचा. तुमचं कोन व्हतं तिथं?"

आम्ही सांगितले. तो थोडा थांबून म्हणाला, "म्हंजी जोशांच्या वाड्यातली. ती समदी सातार्‍याला गेली, न्हाई का?"

या प्रश्नात दंश नव्हता, म्हणूनच तो आम्हांस अधिक लागला. होय, ती सातार्‍यास गेली. वहिनींच्या मामांचे सातार्‍यात घर होते, एक भाऊ पुण्यास नोकरीत होता, मुले शाळेत होती. गाव बुडाले तेव्हा त्यांनी देव्हारा, पोथ्या व तांब्याची भांडी गाडीत घातली आणि ज्या घरी आधीच दिवा लागत होता त्या घरी ती राहावयास गेली. नावाड्याच्या आजोबांजवळ असे दुसरे घर नव्हते. कोयनेची गावे उठली, तेव्हा धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात नव्हता. तो १९७६ साली झाला. कोणास ठाण्याकडे, कोणास सोलापूर-सांगलीकडे अनोळखी मुलखात जमिनी दाखविल्या गेल्या. भाताच्या माणसास ज्वारीच्या रानात, पावसाच्या माणसास दुष्काळाच्या मुलखात जावे लागले. पुष्कळांनी खोरे सोडलेच नाही. पाणी जसे वर आले तशी ती डोंगरावर सरकली. नावाड्याचे आजोबा त्यांतले. मग १९८५ साली त्या डोंगरावर अभयारण्य झाले, २०१० साली कोयना व चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि एकदा पाण्यासाठी उठलेल्या माणसांपुढे आता जंगलासाठी उठण्याचा प्रश्न उभा राहिला. धरणग्रस्तांच्या मागण्यांसाठी या भागात पुढे वर्षानुवर्षे मोर्चे निघाले आणि धरणी धरली गेली. त्यांच्या बातम्या आम्ही चहाबरोबर वाचल्या, आणि पान उलटले.

त्या रात्री आम्ही काठावरच्या एका घरी उतरलो. आम्ही शाकाहारी आहोत, हे आधी कळविले होते. घरच्या बाईंनी नाचणीची भाकरी, पिठले, ठेचा आणि कढत भात वाढला. आयुष्यात पुष्कळ पंगती जेवलो. इतकी भूक लावून जेवलो नव्हतो. जेवणानंतर बाईंच्या सासूबाई ओसरीवर येऊन बसल्या. आमच्या पोरीने त्यांस जुन्या गावाविषयी विचारले, आणि त्या माउलीने बसल्या जागी सारे गाव उभे केले : येथून चिंच, तेथून पाणवठा, पलीकडे देऊळ, देवळामागे जोशांचा वाडा, वाड्याच्या परसात पांढर्‍या चाफ्याचे झाड. पोरीने वहीत ते सारे रेखाटून घेतले. सासूबाई मध्येच थांबून म्हणाल्या, "लाईट आमच्या पान्यावर व्हती, पर आमच्यात लई उशिरानं आली बघा." बोलताना त्या हसत होत्या. आमच्या डोक्यावर विजेचा दिवा जळत होता. त्याच्याकडे आमच्यापैकी कोणालाच पाहवेना.

मग आम्ही अशा ठिकाणी मौजेखातर जावे की जाऊ नये? परतताना, बामणोलीचा तो लांब चढ पायी-पायी चढत असता, हा प्रश्न पुतण्यांनी आम्हांस विचारला. आम्ही पुष्कळ विचार केला, आणि आमचे मत असे झाले, की जावे, अवश्य जावे. पण सायकलीवरून किंवा पायी जावे. मोटारीतून जाणारा शांतता पाहून परत येतो. सायकलवाल्यास पाण्यासाठी थांबावे लागते, वाट विचारावी लागते, पंक्चर झाले तर कोणाच्या तरी ओसरीवर बसावे लागते. आणि थांबणार्‍यास ऐकावे लागते. आमचे दोन दिवसांतील सारे ज्ञान आम्हांस थांबण्यातून मिळाले, चालण्यातून नव्हे. शिवाय सायकलवाला त्या रानास धूर देत नाही, पाखरास दचकवीत नाही, आणि जे पैसे पेट्रोलात जावयाचे ते भाकरी वाढणार्‍या हातात पडतात.

सांगलीकडील वाचक म्हणतील, आमच्या बाजूचे काय? त्यांच्यासाठी वारणेचे खोरे आहे. शिराळ्याहून आरळा, मणदूर या बाजूने चांदोली धरणाकडे जाणारी वाट आम्ही काही वर्षांपूर्वी केली आहे. गुढे-पाचगणीच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, आणि खाली वसंतसागराचे पाणी चमकते. तेथेही धरणाने व राष्ट्रीय उद्यानाने गावे उठविली, तेव्हा तेथेही थांबावे आणि ऐकावे. उद्यानाच्या आत सायकल नेता येत नाही. वनखात्याच्या परवानगीने व त्यांच्या नियमानेच जावे. एक व्यवहाराची गोष्ट सांगतो : नोव्हेंबरापासून पुढे सांगली जिल्ह्यात उसाचा हंगाम असतो, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्याने जातात, आणि पुष्कळांस मागे दिवा नसतो. त्या दिवसांत कारखान्यांच्या वाटा टाळाव्या. लहान मुलांस घेऊन जावयाचे असेल, तर किर्लोस्करवाडीजवळच सागरेश्वर अभयारण्य आहे. सुमारे अकरा चौरस किलोमीटरांचे हे रान माणसांनी उजाड डोंगरांवर झाडे लावून उभे केले, आणि आता तेथे हरणे नांदतात. माणूस रान बुडवितो तसे उभेही करू शकतो, हे मुलांस दाखविण्याजोगे उदाहरण आहे.

ज्या घरांत असा बेत निघेल, त्यांतील वडीलधार्‍यांस आमची विनंती आहे, की त्यांनी चटकन नाही म्हणू नये, अटी घालाव्या. पावसाळ्यात दाट धुके व जळवा, मे महिन्यात ऊन. म्हणून ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सुटीचा दिवस टाळावा. डोक्यास शिरस्त्राण असावे. चौघांपेक्षा कमी जाऊ नये, आणि सर्वांत सावकाश चालणार्‍याच्या वेगाने सर्वांनी चालावे. रोज तीस-चाळीस किलोमीटरांपेक्षा अधिक बेत करू नये. घाटातील चाळीस म्हणजे सपाटीवरील शंभर. आणि जमल्यास एखाद्या साठी उलटलेल्या माणसास बरोबर घ्यावे. त्यामुळे वेग आपोआप कमी होतो.

गुरुवारी संध्याकाळी घरी पोहोचलो. गुडघ्यांविषयी आमच्या मंडळींनी केलेले भविष्य शब्दशः खरे ठरले होते, हे येथे कबूल करतो. वहिनी देवघरात दिवा लावीत होत्या. आम्ही त्यांस सांगितले, की पाणी भरलेले आहे, काही दिसले नाही. त्या "बरं" म्हणाल्या. मग पोरीने वही उघडून त्यांच्यापुढे धरली. वहिनींनी चष्मा लावला. चिंचेवर बोट ठेवले, पाणवठ्यावरून देवळाकडे नेले, देवळामागे वळविले, आणि वाड्याच्या परसात थांबल्या.

"चाफा असा मध्ये नव्हता गं," त्या म्हणाल्या. "आडाशेजारी होता. आण ती पेन्सिल."

त्या रात्री जेवणे उशिरा झाली. आजी सांगत होती, नात खोडत होती आणि पुन्हा काढीत होती. पंचेचाळीस वर्षे जे आम्ही विचारले नाही, ते एका पोरीने दोन दिवस सायकल चालवून विचारले. आता मे महिन्यात पाणी उतरल्यावर वहिनींना घेऊन जावयाचे ठरले आहे. त्या मोटारीने येतील. आम्ही सायकलीने पुढे जाऊ. नावाड्यास तसा निरोप धाडला आहे, आणि त्या ओसरीवरच्या आजींसही. दोघी एकाच गावच्या; भेट मात्र साठ वर्षांनी होईल.